सब टीचर म्हणून बघितलेल्या दोन शाळा

न्यू जर्सीत सब टीचर व्हायला काय काय करावं लागतं असं बऱ्याच जणी विचारतात, जास्त करून एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन नोकरीच्या व्हिसाला जोडून बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या, वर्क परमिट मिळालंय पण मधली काही वर्षं घरातच गेलीत अशा, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. कागदपत्रांचं लवकर उरकेल. खरं सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे, कारण मला एकाच वर्षात दोन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नाही, एखाद्या गावाच्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) काम करायला मिळालं, एक आमचं स्वतःचं, जिथे पोरगा शिकतो आणि जिथे घर घेताना आम्ही जीव टाकला ते, आणि दुसरं तिथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवरचं जुनं शहर, ज्याचं नाव काढलं की आमच्या ग्रुपवर लगेच "तिकडे नको गं" सुरू होतं. नावं दोन्हींची देत नाही, पोरांच्या गोष्टी आहेत.

तर आधी कागद. सब म्हणजे नेहमीचा शिक्षक रजेवर असला की त्याच्या जागी एक दिवसासाठी जाणारा. बीएड लागत नाही, कॉलेजची साधारण दोन वर्षं झालेली असली तरी भागतं, पण डिग्री भारतातली असेल तर इथल्या एखाद्या संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट मागवावं लागतं. पुण्यात माझा दीर त्या खिडकीवर किती वेळा जाऊन आला हे तो अजून ऐकवतो. मग बोटांचे ठसे, पोलिस रेकॉर्डची तपासणी. मग टीबीची टेस्ट. इथे एक लक्षात ठेवा, आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते त्यामुळे हातावरची ती मॅन्टूची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, माझी आलीच, नर्स एकदम गंभीर झाली, मग रक्ताची टेस्ट आणि छातीचा एक्सरे झाला तेव्हा कुठे सुटका. डॉक्टरला आधीच सांगा की बीसीजी झालंय, सरळ रक्ताची टेस्ट करा.

सगळ्यात मजेशीर प्रकार म्हणजे जुन्या नोकऱ्यांचा फॉर्म. २०१८ सालापासून इथे कायदा आहे की शाळेत कामाला लागणाऱ्या माणसाने गेल्या वीस वर्षांत जिथे जिथे मुलांबरोबर काम केलंय तिथून लिहून आणायचं की याच्याविरुद्ध मुलांशी गैरवर्तनाची तक्रार नव्हती. कायदा योग्यच आहे, पण मी लग्नाआधी सदाशिव पेठेत एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवायचे, त्या क्लासच्या सरांना मेलवर हा फॉर्म समजावून सांगणं म्हणजे कहर होता. सर म्हणाले, अगं तू जाऊन एवढी वर्षं झाली, आता कोण तक्रार करणार? शेवटी सही, शिक्का, वर "अत्यंत सुशील" असं स्वतःच्या मनाने लिहून पाठवलं. चाललं ते.

परवाना आला की मग फोनवर ॲप. कोणत्या शाळेत कुठला शिक्षक रजेवर आहे ते त्यात येतं, जो आधी बटण दाबेल त्याची नोकरी. रोजचे शंभर ते दीडशे डॉलरच्या मध्ये कुठेतरी. आणि मला पहिली गोष्ट दिसली ती शाळेत पाऊल ठेवायच्याही आधी, या ॲपवरच. आमच्या गावच्या शाळांची नोकरी आली की काही सेकंदांत गायब व्हायची, कारण गावात माझ्यासारख्या डझनावारी बायका आहेत, मास्टर्स झालेल्या, नवऱ्याच्या पगारावर घर चालतंय, पोरं शाळेत गेल्यावर सहा तास मोकळ्या, आणि शिवाय रिटायर झालेले शिक्षक. आणि शहरातल्या नोकऱ्या? आदल्या रात्री आलेली सकाळी साडेसहालासुद्धा तशीच पडून. त्याच शाळा, तेच वर्ग, आठवडेच्या आठवडे. पैसे उलट तिकडे थोडे जास्तच होते.

सुरुवात आमच्याच गावात झाली. दुसरीचा वर्ग. टेबलावर सब फोल्डर, त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब, कोण कुठे बसतं त्याचा फोटोसकट नकाशा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कोण कितीला स्पीच थेरपीला जातं, लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर लपायचा सराव, झालं तर कुठल्या कोपऱ्यात बसवायचं, आणि शेवटी "काही अडलं तर शेजारच्या वर्गात विचारा, तिला सगळं माहीत आहे". मला काही करायलाच उरलं नव्हतं. त्या बाई त्याच शाळेत पंधराव्या की सोळाव्या वर्षाला होत्या, त्यांनी काही मुलांच्या मोठ्या भावंडांनाही शिकवलेलं. दुपारी दोन आया आल्या वाचनाला मदत करायला, एक तर चक्क बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी, फार्मा कंपनीत अर्धवेळ, ती गालिच्यावर मांडी घालून बसून मुलांकडून बेडकाची गोष्ट वाचून घेत होती.

पुढे चौथीच्या वर्गावर गेले तेव्हा गणिताच्या तासाला जे दिसलं ते मला महत्त्वाचं वाटतं. शिक्षिकेने ठेवलेला धडा होता मोठ्या भागाकाराची ओळख. मी फळ्यावर पहिलं उदाहरण मांडेपर्यंत निम्म्या वर्गाने उत्तर सांगून टाकलं. कारण सोपं, निम्मी पोरं शनिवार-रविवार बाहेर क्लासला जातात, कुमॉन म्हणा, आणखी काही म्हणा, महिन्याला दीड-दोनशे डॉलरपासून पुढे, आणि शाळेच्या एक-दोन इयत्ता पुढे असतात. आमचा पोरगाही जातो, मी काही वेगळी नाही. वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा होणार, त्या शाळेचा निकाल झळकणार, मग घरं विकायच्या साइटवर फोटोखाली शाळेला दहापैकी नऊ मार्क दिसणार, आणि ते बघून आमच्यासारखं आणखी एक कुटुंब येऊन पन्नास हजार डॉलर जास्त मोजून घर घेणार. यात त्या शिक्षिकेचं कौशल्य किती आणि शनिवारच्या क्लासचं किती, हे वेगळं काढून दाखवा बघू कुणी.

आम्ही स्वतः घर घेतलं तेव्हा हेच केलं ना. दोन गावांच्या सीमेवरचे दोन रस्ते, घरं जवळपास सारखी, अलीकडची स्वस्त, पलीकडची महाग, फरक एवढाच की पलीकडे शाळा दुसरी. वर प्रॉपर्टी टॅक्स, आमचा वर्षाला बारा हजारांच्या वर जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक शाळेला. अमेरिकेत शाळांचा पैसा येतो तो ढोबळमानाने असा, केंद्राकडून दहातला एखादा डॉलर, बाकीचा निम्मा-निम्मा राज्य आणि स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे मुख्यतः घरांवरचा कर. म्हणजे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. १९७३ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते, पाच विरुद्ध चार मतांनी हरले, कोर्ट म्हणालं की शिक्षण हा काही केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून हे भांडण राज्याराज्यांत चालतं.

आणि न्यू जर्सी या भांडणात वेगळं राज्य आहे, हे मला शहरात काम करायला लागेपर्यंत माहीतच नव्हतं. इथे १९८१ मध्ये कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटीच्या मुलांतर्फे खटला भरला गेला, ॲबट विरुद्ध बर्क, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९० साली सांगितलं की गरीब शहरांमधल्या शाळांना श्रीमंत गावांच्या बरोबरीने पैसा मिळालाच पाहिजे, राज्याने द्यावा. १९९८ मध्ये त्यात आणखी भर, तीन आणि चार वर्षांच्या मुलांना फुकट प्रीस्कूल आणि मोडकळीला आलेल्या इमारतींच्या जागी नव्या इमारती. अशी एकतीस डिस्ट्रिक्ट आहेत, आमचं शेजारचं शहर त्यातलंच एक.

त्यामुळे पहिल्यांदा त्या शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा मी बघतच राहिले. आमच्या गावच्या शाळेपेक्षा इमारत नवी! मोठ्या काचा, लख्ख जिम, लायब्ररी, प्रत्येक पोराला क्रोमबुक लॅपटॉप. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. तळमजल्यावर तीन वर्षांच्या पोरांचे वर्ग, एका वर्गात एक शिक्षिका आणि एक मदतनीस, आणि आम्ही मात्र पोरगा तीन वर्षांचा असताना डेकेअरला महिन्याला अठराशे डॉलर भरत होतो. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, मग आपण टॅक्स कशाला भरतो? म्हटलं, यासाठीच भरतो, आणि जेवायला वाढलं.

मग अडतं कुठे? मला मिळालेला वर्ग होता चौथीचा. टेबलावर सब फोल्डर नव्हतं. शिक्षकच नव्हता. जी नेमली होती ती ऑक्टोबरमध्ये सोडून दुसऱ्या डिस्ट्रिक्टला गेली, त्यानंतर जागा रिकामी, आणि रोज जो सब मिळेल तो. नियमाने नुसत्या सबच्या परवान्यावर एकाच वर्गावर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहताही येत नाही, त्यामुळे एखादी जरा जम बसवते तोवर तिला हलवायची. ज्या दिवशी कुणीच मिळत नाही त्या दिवशी वर्ग फोडून पाच-पाच पोरं दुसऱ्या वर्गांत वाटून देतात. मी दारात उभी राहिले तर एका मुलीने वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, तुम्ही उद्या येणार का? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, मग नाव सांगू नका, आम्ही फक्त मिस म्हणतो. अगदी सहज म्हणाली, उद्धटपणा काही नव्हता, पाठ करायचे कष्ट कशाला इतकाच हिशेब.

त्या वर्गातला एक मुलगा डोक्यातून जात नाही. अंगाने बारका, कायम हूडी घातलेला, तोंडी हिशेबात हुशार, दुकानात सुटे पैसे मोजायला सांगा, माझ्याआधी सांगेल. अपूर्णांकांची बेरीज आली की पेन्सिल खाली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, तर हा दोन छेद पाच. मला वाटलं समजत नाहीये, म्हणून कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या, एक पट्टी दुमडून दोन भाग, दुसरी दुमडून तीन भाग, शेजारी ठेव म्हटलं, आता दोन्ही पट्ट्यांवर बसेल असा समान तुकडा शोध. पाच मिनिटांत त्याने स्वतःहून सहा भाग पाडले आणि पाच छेद सहा लिहिलं. मग पुढची चार गणितं न विचारता. म्हटलं, अरे तुला तर येतंय, कुणी शिकवलं नव्हतं का? तर कळलं ते असं की घरभाडं परवडत नाही म्हणून आई मुलांना घेऊन आधी मावशीकडे, मग दुसऱ्या गावात, मग परत इथे, एका शाळेतून निघाला तेव्हा तिथे अपूर्णांक सुरू व्हायचे होते आणि दुसरीत पोचला तेव्हा ते संपले होते. बस. पोरगा ढ नाही, आई बेफिकीर नाही, शाळेकडे पैसा नाही असंही नाही, दोन शाळांच्या वेळापत्रकांच्या मधल्या फटीत अपूर्णांक पडले एवढंच, आणि उचलून द्यायला वर्षभर तोच माणूस समोर नव्हता.

समोरच्या वर्गात मात्र एक बाई होत्या, पंचवीसेक वर्षं तिथेच. त्यांचा वर्ग म्हणजे त्याच गल्लीतली, त्याच घरांतली पोरं, पण आत पाऊल टाकलं की फरक कळायचा. रोज सकाळी दारात उभं राहून प्रत्येकाचं नाव घेऊन आत घेणार. खालच्या खणात ग्रॅनोला बार, कोरडे मोजे, जास्तीचे स्वेटर, सगळं स्वतःच्या पैशाने, आणि सरकार शिक्षकांना टॅक्समध्ये सूट द्यायचं ती फक्त वर्गातल्या शिकवायच्या सामानावर, तीही तेव्हा किती, तर वर्षाला तीनशे डॉलरपर्यंतच्या खर्चावर, त्या म्हणाल्या माझे सप्टेंबरातच संपतात. कुणाची आई रात्रपाळीला आहे हे त्यांना पाठ, कारण टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर एक्झिट आठ-एच्या आजूबाजूला जी मोठमोठी गोदामं आहेत तिथे खूप पालक रात्री काम करतात, मग त्या बाई फोन सकाळी साडेसातला करायच्या, आई घरी पोचलेली असते आणि अजून झोपलेली नसते तेव्हा. माझी आई झेडपीच्या शाळेत होती, तीही अशीच दुपारी शेतावर जाऊन पालकांना गाठायची, त्यामुळे मला या बाई एकदम ओळखीच्या वाटल्या.

चांगल्या शिक्षकाने किती फरक पडतो हे मोजायचा प्रयत्न इथे झालेला आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी पंचवीस लाख मुलांचे शाळेतले मार्क आणि मोठेपणीचे टॅक्सचे कागद जोडून बघितले, २०१४ मध्ये छापलं, आणि काढलं की तळातल्या पाच टक्क्यांतला शिक्षक बदलून त्या जागी साधारण बरा शिक्षक दिला तर एका वर्गाची मिळून आयुष्यभराची कमाई, आजच्या मूल्यात धरली तर, सुमारे अडीच लाख डॉलरने वाढते. एका वर्षात, एका शिक्षकामुळे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६६ साली, सरकारने जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाकडून सहा लाखांच्या वर मुलांची पाहणी करून घेतली होती, सगळ्यांना वाटत होतं की निघेल शाळांच्या सोयींचा फरक, आणि निघालं भलतंच, की मुलाच्या मार्कांवर सर्वांत जास्त पगडा घराचा, आणि वर्गात शेजारी कोण बसतं त्याचा. हे दोन्ही निष्कर्ष मला आधी एकमेकांच्या विरुद्ध वाटायचे. त्या दोन समोरासमोरच्या वर्गांमध्ये ये-जा केल्यावर तसे वाटत नाहीत. शिक्षिकेने फरक पडतो, नक्की पडतो, पण ती टिकली तर, आणि ती टिकते कुठे, तर जिथे पोरंही टिकतात, घरं टिकतात, पालकांच्या पाळ्या टिकतात. आमच्या गावात आम्ही एवढे पैसे मोजून जे विकत घेतलं ते बहुतेक हेच आहे. इमारत तर तिकडची चांगली आहे.

आता घरच्यांबद्दल, कारण यावरून माझं आमच्याच लोकांशी भांडण होतं. मराठी शाळेत रविवारी पोरांना सोडून आम्ही बाहेर चहा पीत बसतो तेव्हा ठरलेलं वाक्य येतं, "शेवटी पालकांना पडलेली असायला हवी, आपल्याकडे बघा, आपण शिक्षणाला किती महत्त्व देतो." बरं वाटतं ऐकायला. पण आपण इथे आलो कसे? एच-वनला डिग्री लागते. म्हणजे या देशाच्या दारातच चाळणी लावून फक्त शिकलेली माणसं आत घेतली आणि आता त्यांची पोरं हुशार निघाली म्हणून आपण संस्कारांचं कौतुक करतोय. माझ्या चुलत्यांची मुलं तिकडे कराडजवळ त्याच संस्कारांत वाढली, ती काही सगळी गणितात पहिली येत नाहीत.

पालकसभा दोन्हीकडच्या बघितल्या. आमच्या गावात मी आई म्हणून गेले, पंधरा मिनिटांची वेळ, ऑनलाइन आधी निवडलेली, माझ्या आधी जे जोडपं होतं त्यांनी लॅपटॉपवर पोराच्या मार्कांची एक्सेल शीट आणली होती आणि ९२ का पडले, वरच्या गणितात घालायला किती लागतात हा विषय होता. एका ओळखीच्या घरी मुलाला वाचनात अडचण होती, शाळेची तपासणी रेंगाळतेय म्हटल्यावर त्यांनी खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून साडेतीन हजार डॉलर भरून रिपोर्ट काढला, वकिली सल्लागार घेऊन मीटिंगला गेले, महिन्याभरात मुलाचा आयईपी, म्हणजे त्याला शाळेने काय खास मदत द्यायची त्याची लेखी योजना, तयार, आठवड्यातून चार तास स्पेशल शिक्षक. अशा मुलांना शाळेने मदत द्यायचा कायदा हा सगळ्यांसाठी आहे, १९७५ पासून आहे, फी नाही काही नाही. पण तो वाजवून घ्यायला वेळ लागतो, इंग्रजी लागतं, आणि समोरच्या टेबलाशी बसलेल्या सहा लोकांना न घाबरायची सवय लागते.

शहरात त्या संध्याकाळी मला थांबायला सांगितलं होतं, वर्गाला शिक्षक नाही पण निदान माणूस तरी बसू दे म्हणून. निम्म्याहून कमी पालक आले. जे आले त्यातली एक आई गोदामाच्या जाकिटातच आली होती, बरोबर तिची मोठी मुलगी, सातवीतली, भाषांतर करायला. खरं तर शाळेने दुभाषी द्यायचा असतो, फोनवरची सोय होतीही, पण तो फोन दुसऱ्या वर्गात अडकलेला. मी सांगत होते की मुलगी वाचनात मागे आहे, रोज वीस मिनिटं तरी मोठ्याने वाचून घ्या. मोठ्या बहिणीने स्पॅनिशमध्ये बरंच काही सांगितलं, आई माझ्याकडे बघून मान हलवत राहिली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला, तोही मुलीकरवी, कायमची बाई कधी येणार? त्या सगळ्या संध्याकाळी इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. आणि हिला म्हणे पडलेली नाही.

गैरहजेरीचंही तसंच. वर्षात १८० दिवस शाळा, त्यातले १८ बुडाले की मूल कायमच्या गैरहजरांच्या यादीत. आमच्याकडे डिसेंबरात भारतात जायचं म्हणून लोक सुट्टीला जोडून दोन-दोन आठवडे बुडवतात, शिक्षिका हसत हसत पॅकेट तयार करून देते, पोरगं परत येतं ते तिथे शिकलेलं असतं आणि वर आजीकडून पाढेही. शहरात दमा असलेलं पोरगं इन्हेलर संपला म्हणून तीन दिवस घरी, मग बहिणीला सांभाळायला दोन दिवस, मग बस चुकली. यादीत दोघं एकाच रकान्यात.

पीटीओ, म्हणजे पालक-शिक्षक संघटना, तिच्या लिलावाचं थोडक्यात सांगते, नाहीतर लांबेल. आमच्या शाळेत वसंतात लिलाव होतो, "प्रिन्सिपलबरोबर जेवण", "पहिल्या रांगेत पार्किंग" असल्या वस्तूंवर बोली लागते, एका रात्रीत हजारो डॉलर जमतात आणि त्यातून लेखक-चित्रकार बोलावतात, बाग होते, रोबोटिक्सचे किट येतात. शहरातल्या शाळेतही पालकसंघ होता, त्यांनी पिठाचं तळलेलं गोड काहीतरी आणि एम्पनाडा, म्हणजे सारण भरलेल्या करंजीसारखा प्रकार, विकून सहलीच्या बसचे पैसे जमवले, आणि खरं सांगू का, खायला तिथे जास्त मजा आली.

मार्चमध्ये त्या चौथीच्या वर्गाला एकदाची शिक्षिका मिळाली, नवीच, पहिलीच नोकरी. मला गंमत वाटायची की समोरच्या बाईंनी तिला पहिला महिना जणू दत्तकच घेतलं होतं, सकाळी आपल्या दारातून तिच्या दाराकडे एक नजर असायची. पोरं लगेच काही सुधारली नाहीत, उलट सुरुवातीला जास्तच त्रास दिला, ही पण जाणारच मग आत्ताच घालवू असा एकूण नूर. मी कधी वेगळ्या वर्गावर असले तर डोकावायचे. मेच्या आसपास त्या हूडीवाल्याने मला कॉरिडॉरमध्ये अडवून तिचं पूर्ण आडनाव नीट उच्चारून दाखवलं, पोलिश आडनाव, मला अजून जमत नाही.

आता मी पुढच्या पायरीला लागलेय. बीएड नसताना शिक्षक व्हायचा इथे आल्टरनेट रूट म्हणून मार्ग आहे, विषयाची प्रॅक्सिस परीक्षा द्यायची, मग पात्रतेचं सर्टिफिकेट मिळतं, मग नोकरी मिळाली की शिकवता शिकवताच ट्रेनिंग आणि एक मार्गदर्शक शिक्षक. मी माध्यमिकच्या गणिताचा अभ्यास करतेय, रात्री पोरगा झोपल्यावर, भूमिती विसरलेय असं वाटलं होतं पण हात आपोआप चालतो. अर्ज दोन्हीकडे करणार. पगाराचे तक्ते दोन्ही डिस्ट्रिक्टचे काढून बघितले, सुरुवातीच्या पायरीला फार फरक नाही. त्या ऑक्टोबरमध्ये सोडून गेलेल्या बाईंबद्दलही समोरच्या बाई म्हणाल्या होत्या की पगारासाठी नाही गेली, तिचं स्वतःचं बाळ लहान होतं, घराजवळ मिळाली म्हणून गेली. शहरातल्या प्रिन्सिपलनी मला दोनदा विचारलंय, सर्टिफिकेट आलं की आधी आमच्याकडे या. नवरा म्हणतो आपल्या गावातली मिळाली तर तीच घे, पाच मिनिटांवर आहे, पोरगा तीनला सुटतो, त्याला कोण आणणार? आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे अजून तरी काही नाही.